मराठी घरातला ईस्टर

नाताळ कोणत्या तारखेला येतो हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. ईस्टर केव्हा, असे विचारा. भलेभले बोटे मोजू लागतील. त्यात त्यांचा काही दोष नाही. नाताळ एका तारखेला ठाण मांडून बसलेला सण; ईस्टर मात्र आपल्या सणांसारखाच चंद्राच्या मागे हिंडणारा. चर्चच्या गणिताप्रमाणे २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा धरावी आणि तिच्या पुढचा रविवार घ्यावा, तो ईस्टर. त्यामुळे पुष्कळ वर्षी तो हनुमानजयंतीला अगदी खेटून येतो. २०२२ साली हनुमानजयंती १६ एप्रिलला होती आणि ईस्टर १७ ला. २०२३ साली ६ ला आणि ९ ला. मधूनच एखादे वर्ष चुकार निघते. २०२४ साली होळीची पौर्णिमाच २१ मार्चच्या पलीकडे पडली, आणि ३१ मार्चला ईस्टर होऊनही गेला. हनुमानजयंतीला मग २३ एप्रिलपर्यंत वाट पाहावी लागली.

मी नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती घरात वाढले. त्या जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे. पण माझ्या तोंडी जुनेच बसले आहे, वाचकांनी सांभाळून घ्यावे. आमच्या आळीत मारुतीच्या देवळातला सुंठवडा हातावर पडला की चार दिवसांच्या मागेपुढे आमच्या घरी पुरण शिजणार, हे आम्हां मुलांना पंचांगावाचून कळत असे. सुंठवडा शेजारच्यांचा आणि पुरणपोळी आमची, एवढाच काय तो भेद आम्हांला माहीत होता.

फराळाचे ताट पुढे घेऊन बसलेल्या वाचकाला उपासाच्या चाळीस दिवसांची हकीकत सांगायची, हे जरा विपरीत आहे खरे. पण सणांच्या दिवसांतच सणांविषयी बोलावे. मला कितीतरी दिवस एक प्रश्न पडलेला आहे: येरुशलेमेच्या वेशीबाहेर घडलेली ही गोष्ट मराठी कशी झाली? ती कोणी मराठी केली? इतिहासाची पुस्तके उघडली की पोर्तुगीज भेटतात, मिशनरी भेटतात, हुकूम, तह आणि वेढे भेटतात. ते सगळे वाचून झाल्यावर माझी अशी समजूत झाली आहे की, या मंडळींनी धर्म आणला असेल, सण मात्र आणला नाही. सण घराने केला. आणि घराने म्हणजे बहुतेक वेळा बायकांनी.

मूळ गोष्टच पाहा ना. शुक्रवारी येशूला वधस्तंभावर दिले. शनिवार म्हणजे यहुद्यांचा शब्बाथ, विसाव्याचा दिवस. त्या दिवशी कामाला हात लावायचा नाही. रविवारी पहाटे अंधार असतानाच बायका कबरेकडे निघाल्या. कशासाठी? चमत्कार पाहायला नव्हे. प्रेताला सुगंधी द्रव्ये लावायची राहिली होती, ती लावायला. घरातले कोणी गेले म्हणजे जे बायकांनाच करावे लागते, तेच काम. वाटेत त्यांना काळजी कसली, तर तोंडावरची ती एवढी मोठी धोंड कोण बाजूला सारणार याची. मार्कच्या शुभवर्तमानात हे सगळे आहे. आणि लूकने पुढे असेही लिहून ठेवले आहे की, त्यांनी परत येऊन सांगितले ते शिष्यांना बायकांची वटवट वाटली, त्यांनी त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही. ईस्टरची पहिली बातमी अशी कामाला निघालेल्या बायकांच्या हाती पडली. पुढचा इतिहासही फारसा वेगळा नाही.

आपल्या भाषेत ही गोष्ट सविस्तर सांगितली गेली ती एका इंग्रज माणसाकडून. फादर थॉमस स्टीफन्स हा जेझुइट पंथाचा धर्मगुरू १५७९ साली गोव्याला आला आणि १६१९ साली तिथेच वारला. चाळीस वर्षे सासष्टीच्या लोकांत राहून तो मराठी आणि कोकणी शिकला; नुसता शिकला नाही, मराठीवर त्याचे मन जडले. १६१६ साली रायतूरच्या छापखान्यात त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्या. लिपी रोमन, कारण नागरी खिळे नव्हते. पण छंद ज्ञानोबांचा, मांडणी पुराणाची. हे पुराण का रचले, याचा खुलासा ग्रंथातच आहे. नव्याने ख्रिस्ती झालेल्या मंडळींची तक्रार अशी की, आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, तेव्हा दुसरे काही ऐकायला द्या. मला ही मागणी फार बोलकी वाटते. धर्म बदलला, देव बदलला, नाव बदलले. पण संध्याकाळी चार माणसांनी जमून ओवी ऐकायची सवय काही बदलली नाही. ती रिकामी जागा भरून काढायला साहेबाला ओवीच शिकावी लागली.

राज्यकर्त्यांना मात्र ही जागा खुपत होती. १६८४ साली विजरई कोंदे द आल्व्होर याने हुकूम काढला की, लोकांनी आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे. त्यासाठी मुदत तीन वर्षांची. पुढे १७३६ साली गोव्याच्या इन्क्विझिशनने आणखी एक जाहीरनामा काढला. तो वाचताना आज हसू येते आणि अंगावर काटाही येतो. ख्रिस्ती माणसाने धोतर नेसू नये, बायकांनी चोळी घालू नये, अंगणात तुळस लावू नये, लग्नात ओव्या गाऊ नयेत, आणि भात बिनमिठाचा शिजवू नये! कारण बिनमिठाचा भात हिंदूंच्या घरी शिजतो. एवढ्या मोठ्या धर्मसत्तेने स्वयंपाकघरातल्या भातात मीठ आहे की नाही ते पाहावे, याहून घराच्या सामर्थ्याची दुसरी कोणती पावती हवी? जे घरात चालते तेच टिकते, हे त्या न्यायाधीशांनाही पुरते कळले होते.

आणि टिकले काय? इन्क्विझिशन १८१२ साली बंद पडले. पोर्तुगीज राज्य १९६१ साली गेले. कोकणी आजही बोलली जाते. १९८७ साली ती गोव्याची राजभाषा झाली. गोव्याच्या ख्रिस्ती लग्नात वधूवरांना नारळाचा रस लावण्याचा विधी अजून होतो आणि त्या वेळी बायका गातातही. स्टीफन्सच्या पुराणाचे नशीब पाहिले तरी तेच. १६१६, १६४९ आणि १६५४ या तिन्ही जुन्या आवृत्त्यांची एकही प्रत आज कोठे सापडत नाही. १९०७ साली मंगळूरला तो ग्रंथ पुन्हा छापला गेला, तो तिकडच्या ख्रिस्ती मंडळींनी जपलेल्या हस्तलिखित पोथ्यांवरून. आणि १९५६ साली शांताराम बंडेलूंनी पुण्यात तो नागरीत आणला. छापलेले नाहीसे झाले आणि हाताने उतरून ठेवलेले उरले.

गोव्यातला उपासकाळही मला याच कारणाने आवडतो. तिकडे शुभ शुक्रवारला ‘निमाणो सुक्रार’ म्हणतात, म्हणजे शेवटचा शुक्रवार. त्या दिवशी पुष्कळ घरांत पेज आणि सोबत लोणचे किंवा चटणी, एवढेच. गुरुवारच्या संध्याकाळपासून देवळातली घंटा वाजत नाही. तिच्या जागी ‘मात्राका’ नावाची लाकडी टकटकी वाजवतात. कोरडा, रुक्ष आवाज. घरात कोणी गेले की आपल्याकडे काही दिवस गोडधोड होत नाही, तसे तेथे घंटेचा नाद होत नाही. ईस्टरच्या आदल्या रात्री घंटा पुन्हा बोलू लागतात, आणि दुसऱ्या दिवशी सान्नां आणि सोरपोतेल. मार्झिपान म्हणून जी मिठाई पोर्तुगालमध्ये बदामाची होते, ती गोव्यात काजूची होते. कारण बदाम परका आणि काजू दारचा. तसा काजूही पोर्तुगीजांनीच ब्राझीलहून आणलेला. पण आता तो परका आहे असे कोकणात म्हणून तर पाहा!

घंटांचा विषय निघाला म्हणून वसईकडे वळते. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि १७३९ साली चिमाजीअप्पांनी ती जिंकून घेतली. ही हकीकत आपण शाळेत अभिमानाने शिकलो, आणि ते योग्यच आहे. पण त्याच हकीकतीत एक कोपरा आहे, त्याच्याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. त्या वर्षीचा ईस्टर मी गणित करून काढला. तो २९ मार्चला येतो. फेब्रुवारीत वेढा पडलेला आणि मे महिन्यात किल्ला हाती आला. म्हणजे त्या साली चाळीस दिवसांचा उपास आणि सणाची पहाट वेढ्यातच उजाडली. तटाच्या आत पोर्तुगीज होते. पण बाहेर, आगाशी, पापडी, नंदाखालच्या वाड्यांत भात आणि केळी पिकवणारी, आपल्या आडवळणी मराठीत बोलणारी जी ख्रिस्ती कुटुंबे होती, त्यांनी कोणाचा जय चिंतावा? दोन्हीकडून तोफा सुटत होत्या. एका बाजूला आपला धर्म, दुसऱ्या बाजूला आपली भाषा. इतिहासात अशा घरांची बखर कोणी लिहीत नाही.

किल्ला पडला. पोर्तुगीज गेले. त्यांच्याबरोबर राज्य गेले, मठ गेले आणि देवळांतल्या घंटाही गेल्या. मराठ्यांनी त्या विजयाची खूण म्हणून आणल्या आणि देवाला वाहिल्या. भीमाशंकरला तशी एक आहे; वाईजवळ मेणवलीला, नाना फडणिसांच्या घाटावर, दुसरी आहे. मेणवलीची घंटा मी पाहिली आहे. तिच्यावर मरियेची आणि बाळ येशूची उठावाची आकृती आहे. खाली कृष्णा वाहते आहे, शेजारी महादेव आहे, आणि मरियामाता आपले मूल कडेवर घेऊन तिथे निवांत राहिली आहे. कोणी तिला हलवले नाही, कोणी खरवडून काढले नाही. सासरी रुळलेल्या मुलीसारखी ती मला वाटली.

पण घंटा गेल्या तरी वसईचा सण गेला नाही. धर्मगुरू थोडे उरले, तरी शुक्रवार पाळायचा तो पाळलाच. कारण त्यांचा पुष्कळसा धर्म देवळापेक्षा ओसरीत आणि वाटेवरच्या क्रुसापाशी राहत असे. वसईच्या वाड्यावाड्यांतून असे क्रूस आजही दिसतात. संध्याकाळी घरातल्यांनी एकत्र बसून जपमाळ म्हणायची ही तिथली जुनी चाल. झावळ्यांच्या रविवारी नारळाच्या पातीचे लहान लहान क्रूस विणायचे आणि ते घरात तसबिरीमागे खोचून ठेवायचे. वर्षभर ती पाती वाळते; मग पुढच्या वर्षी अशाच झावळ्या जाळून त्यांची राख राखेच्या बुधवारी कपाळाला लावतात. म्हणजे गेल्या वर्षीच्या जयजयकाराची राख घेऊन यंदाचा उपास सुरू व्हायचा. एवढे तत्त्वज्ञान एका नारळाच्या पातीत मावते, आणि ती पाती सांभाळायचे काम घरातल्या म्हातारीकडे असते.

आता आमच्या नगरकडे येते. इथली कथा अगदी निराळी, आणि जरा गमतीची. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी १८१३ साली मुंबईला उतरले. १८३१ साली मिशनने अहमदनगरला ठाणे दिले. ही मंडळी न्यू इंग्लंडच्या प्युरिटन परंपरेतली. त्या परंपरेत रविवार कडक, पण ईस्टर नाही आणि नाताळही नाही. शास्त्रात आज्ञा नाही ते पाळायचे नाही असा त्यांचा खाक्या. १८२९ साली मुंबईला आलेले डॉ. जॉन विल्सन हे स्कॉटलंडच्या चर्चचे. त्या चर्चचेही मत तसेच. म्हणजे महाराष्ट्रात ज्यांनी प्रॉटेस्टंट धर्म आणला त्या दोन मोठ्या मिशनांच्या पेटाऱ्यात ईस्टर मुळी नव्हताच!

मग तो आमच्याकडे आला कोठून? काही अंशी अँग्लिकन मंडळ्यांकडून आला, काही अंशी खुद्द अमेरिकेतलीच रीत पुढे सैल झाली. पण मला वाटते, याहून मोठे कारण घरगुती होते. ज्या माणसाने पाडवा सोडला, दिवाळी सोडली, जत्रा सोडली, भाऊबंदकीतले जेवणाचे पान सोडले, त्याला वर्षात निदान एक दिवस तरी हवा, ज्या दिवशी पहाटे उठून अंघोळ करावी, नवे लुगडे नेसावे आणि गोड खावे. सणावाचून मराठी माणसाला राहवत नाही. ख्रिस्ती झाल्याने तो स्वभाव पालटला नाही.

आणि गाण्यावाचूनही राहवत नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईला झाला; पुढचे त्यांचे बहुतेक आयुष्य नगरकडे गेले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशा अर्थाचे ते बोलत. त्यांनी अभंग लिहिले, पदे लिहिली, ख्रिस्ती कीर्तने उभी केली. प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या ‘उपासना-संगीता’त त्यांची कितीतरी पदे आहेत. पेटी, टाळ आणि मृदंग घेऊन ईस्टरच्या पहाटे नगरच्या रस्त्याने निघालेली भजनी मंडळी मी लहानपणी पाहिली आहेत. डोळे मिटून ऐकले तर वारी चालली आहे असेच वाटावे.

पण टिळकांपेक्षाही मला या बाबतीत लक्ष्मीबाईंचा आधार जास्त वाटतो. नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा ही बाई मागे राहिली. पुढे काही वर्षांनी ती त्यांच्याजवळ आली ती आपले सोवळे आणि वेगळी चूल घेऊन. तिचा बाप्तिस्मा १९०० साली राहुरीला झाला. पण ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचली असतील त्यांना ठाऊक आहे की, तिचे खरे धर्मांतर पाण्याच्या त्या थेंबांनी झाले नाही. ते आधी स्वयंपाकघरात, पाणी कोणाच्या हातचे प्यावे या प्रश्नावर झाले. पुढे टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले, ते पुरे केले तेही तिनेच.

त्याच सुमाराला, १८९९-१९०० साली, महाराष्ट्रावर मोठा दुष्काळ पडला. नगर जिल्ह्यातल्या मिशनांनी तेव्हा पुष्कळ पोरकी मुले सांभाळली. माझी आजी, वडिलांची आई, त्यांपैकी एक. ती तेव्हा सातेक वर्षांची असेल. आपला जन्मदिवस तिला कधीच कळला नाही. आईचे बोट धरून चालत होतो, आई वाटेत बसली आणि उठली नाही. मग कोणी तरी बैलगाडीत घालून आपल्याला मिशनच्या आवारात आणून सोडले, एवढेच ती सांगे. गावाचे नाव तिला आठवत नव्हते. बाप कोठे गेला ते ठाऊक नव्हते.

आमच्या घरची ईस्टरची रीत अशी होती. शनिवारी घर सारवायचे, कपडे धुवायचे, डाळ भिजत घालायची. रात्री कांद्याची टरफले घालून पाणी उकळायचे आणि त्यात अंडी उकडायची. त्यांना सुरेख तांबूस रंग चढे. ही अंड्यांची चाल साहेबाची, पण रंग आमच्या चुलीवरचा. पहाटे तांबडे फुटायच्या आत सगळ्यांनी फुले घेऊन दफनभूमीत जायचे. पाळकसाहेब प्रार्थना म्हणत, सूर्य वर येई, मंडळी गात, आणि मग ज्याने त्याने आपापल्या माणसाच्या कबरेवर फुले वाहायची. आजोबांच्या कबरेवर आम्ही मोगरा वाहत असू. पण आजी घरून निघतानाच पांढऱ्या चाफ्याची फुले पदरात निराळी बांधून घेई. आजोबांचे झाले की ती एकटीच पार टोकाला, बाभळीच्या कुंपणाशी जाई. तिथे काही खचलेल्या कबरा होत्या. ना नाव, ना दगड. त्यांतल्या एकीवर ती फुले ठेवी, थोडा वेळ बसे आणि परत येई.

मी आठ-नऊ वर्षांची असताना एकदा तिच्यामागून गेले आणि विचारले, “आजी, ही कुणाची गं?”

“मला काय ठाऊक?” ती म्हणाली. “कुणाची तरी आहेच ना.”

“मग तू फुलं का घालतेस?”

आजीने पदर झटकला. म्हणाली, “माझ्या आईला कुणी तरी मूठमाती दिली असेलच ना गं? त्या माणसाला मी पाहिलं नाही. म्हणून मी कुणाच्या तरी आईला फुलं घालते. फिटलं तर फिटलं.”

पुढे मी पुनरुत्थानावरची प्रवचने पुष्कळ ऐकली. त्यांत व्याकरण होते, ग्रीक शब्दांची फोड होती. विद्वान माणसांची ती प्रवचने होती आणि मला त्यांचा आदर आहे. पण मेलेल्याशी आपला हिशेब संपत नाही, आणि तो फेडायचा असेल तर समोर दिसेल त्या अनोळखी माणसाला फेडावा, ही गोष्ट मला त्या बाभळीच्या कुंपणाशी कळली. आजीला लिहिता येत होते, पण तिने हे कोठे लिहून ठेवले नाही. १९७० च्या आसपास ती गेली. आता तिच्या कबरेला दगड आहे, नाव आहे.

दुष्काळातल्या मुलींचे नाव काढले की पंडिता रमाबाईंची आठवण होणे साहजिकच आहे. केडगावच्या मुक्तिसदनात त्यांनी अशा कितीतरी मुली आणि विधवा सांभाळल्या. रमाबाईंची संस्कृतातली विद्वत्ता सर्वश्रुत. पण उतारवयात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले. हेतू असा की, साध्या, कमी शिकलेल्या बाईला कळेल अशा भाषेत ते असावे. ते छापलेही केडगावलाच. खिळे जुळवणाऱ्या, छापणाऱ्या त्या आश्रमातल्या बायकाच. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी वारल्या. त्या वर्षीच्या ईस्टरला अवघे ११ दिवस उरले होते. त्यांचे बायबल १९२४ साली बाहेर पडले. कबरेकडे निघालेल्या त्या पहिल्या बायकांची हकीकत बाईनेच भाषांतर केलेली आणि बायकांनीच जुळवलेली, असे ते पुस्तक. मला तरी अशी दुसरी उदाहरणे ठाऊक नाहीत.

कॅथलिक देवळांत मराठीला जरा उशिरा शिरकाव मिळाला. तिथे मिस्सा लॅटिनमध्ये चाले. ईस्टरच्या आदल्या दिवशीचा जागरणाचा विधी तर १९५० च्या दशकापर्यंत शनिवारी सकाळीच उरकला जाई. जागरण म्हणायचे आणि ऊन वर आलेले! १९५६ पासून तो रात्री होऊ लागला. आता त्या रात्री देवळातले सगळे दिवे मालवतात. दाराशी नवा अग्नी पेटवतात, त्यावर एक मोठी मेणबत्ती लावतात, आणि तिच्यावरून एकाची दुसऱ्याला, दुसऱ्याची तिसऱ्याला अशी ज्योत देत सारे देऊळ उजळते. दिवाळीत पणतीवरून पणती लावणाऱ्या वाचकाला याहून जास्त काही समजावून सांगायला नको. १९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लोकभाषांना मुभा दिली आणि वसईच्या देवळांत वेदीवरून मराठी ऐकू येऊ लागली. वसईचेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २०२४ साली ते गेले. स्टीफन्सपासून दिब्रिटोंपर्यंत चारशे वर्षे झाली. साहेबाने मराठी शिकण्यापासून मराठी माणसाने मराठी मंडपात मधोमध बसण्यापर्यंतची ही चारशे वर्षे.

आणखी एक लहानशी गोष्ट. पवित्र गुरुवारी धर्मगुरू बारा जणांचे पाय धुतात. येशूने शिष्यांचे धुतले त्याची ती आठवण. हे बारा पुरुषच असावेत असा नियम होता. २०१६ साली पोप फ्रान्सिस यांनी तो बदलला आणि बायकांनाही त्या बाकावर जागा मिळाली. पहिली बातमी आणणाऱ्यांचे पाय धुवायला जवळजवळ दोन हजार वर्षे लागली. असो.

माझे म्हणणे एवढ्यावरच थांबले असते तर बरे झाले असते. पण एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. पुण्यात माझी नात आहे, चांगली चुणचुणीत. गेल्या ईस्टरला तिने मला प्रभूची प्रार्थना म्हणून दाखवली. स्पष्ट उच्चार, एक शब्द चुकला नाही. सगळी इंग्रजीतून. मराठीतून येते का, असे विचारले तर ती हसली. तिच्या शेजारच्या हिंदू मैत्रिणीला शुभंकरोतीही येत नाही, हे तिनेच मला सांगितले. म्हणजे हा रोग धर्म पाहून लागत नाही. विजरई आल्व्होरने तीन वर्षांची मुदत देऊन, हुकूम काढून जे साधले नाही, ते आपण हुकमावाचून, कौतुकाने करीत आहोत. घराने इन्क्विझिशनला दाद दिली नाही, वेढ्याला दिली नाही, दुष्काळाला दिली नाही. जे घराने राखले ते बाहेरच्याला घालवता आले नाही. पण घरानेच सोडले तर राखणार कोण?

मी नातीला रागावले नाही. तिला पुढच्या शनिवारी ये म्हणाले. आता दर पंधरा दिवसांनी ती येते आणि आम्ही दोघी टिळकांचे एक पद म्हणतो. तिला चाल आवडते, शब्द मागाहून कळतील. पुरण वाटायलाही तिला आवडते. अर्धे ती पाटावरच खाते.

श्रद्धा आधी आणि काम मागाहून, असे विद्वान सांगतात. कबरेकडे निघालेल्या त्या बायकांना मात्र श्रद्धेचा विचार करायला त्या पहाटे सवड नव्हती. हातात वासाच्या तेलाचे भांडे होते, वाट अंधाराची होती, आणि एक राहिलेले काम करायचे होते. त्या उठल्या आणि चालू लागल्या, म्हणूनच धोंड सरकलेली त्यांना दिसली. घरी अंथरुणात पडून राहिलेल्यांना ती दिसली नाही.